आई-बाबा परदेशी निघालेत? प्रवास विम्याची पॉलिसी अशी वाचा

दर वर्षी मार्च उजाडला की आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीत माळ्यावरच्या बॅगा खाली यायला लागतात. कुणाच्या मुलीचं न्यू जर्सीत बाळंतपण, कुणाचा नातू डॅलसला, कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला युरोप. मग खालच्या मजल्यावरच्या काकू फोन हातात घेऊन येतात. "अगं, सुहासनं हे पॉलिसी का काय ते पाठवलंय. चव्वेचाळीस पानं आहेत. यात आपल्या कामाचं काय?" गेली सात-आठ वर्षं हे काम माझ्या गळ्यात पडलंय. मी विमा विकत नाही. माझ्याच आई-बाबांच्या वेळी हात पोळले, म्हणून वाचायला शिकले, एवढंच.

बहुतेकांचा समज असा असतो की हप्ता भरला म्हणजे तिकडे काहीही झालं तरी कंपनी बघून घेईल. प्रत्यक्षात पॉलिसीत मोजक्या घटना लिहिलेल्या असतात. त्यांतली एखादी घडली, तीही लिहिलीय तशीच घडली, तर आणि तेवढेच पैसे मिळतात. म्हणून मी पॉलिसीच्या प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारते. नेमकं काय घडलं तर? किती मिळणार, आणि त्यातून काय वजा होणार? आणि कोणता कागद दाखवल्यावर? पेन्सिल घेऊन बसलात तर चव्वेचाळीस पानांतली सात-आठच कामाची निघतात.

आधी प्रवास कागदावर मांडा

पॉलिसी उघडण्याआधी एका कागदावर लिहा: कोणते देश, किती दिवस, प्रत्येकाचं वय, प्रत्येकाच्या चालू गोळ्या, आणि तिथे जाऊन काय काय करणार. शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. पण बर्फात स्कीइंग करणार असाल, पॅराग्लायडिंग किंवा स्कूबा डायव्हिंग करणार असाल, तर साध्या पॉलिसीत ते बहुधा वगळलेलं असतं आणि वेगळं जोडून घ्यावं लागतं. नेपाळमध्ये उंचावर ट्रेकला जाणाऱ्यांनी तर किती मीटरपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरलाय का, हे दोनदा तपासावं. ठाण्यातल्या ट्रेकिंगवाल्या पोरांना हे सांगून माझं तोंड दुखलं.

युरोपसाठी नियम स्पष्ट आहे. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. तो सगळ्या २९ शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरणारा हवा. तातडीचे उपचार, रुग्णालय, आजारपणामुळे मायदेशी परत आणणं आणि मृत्यू हे त्यात यायला हवं. हा आकडा व्हिसाच्या खिडकीवर अर्ज स्वीकारला जाण्यापुरता आहे. तुमच्या गरजेचं माप त्याच्यावरून काढू नका. अजून एक गंमत. अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा असेल तर अर्ज करताना फक्त पहिल्या खेपेचा विमा दाखवावा लागतो. दुसऱ्या खेपेला आगाऊ कुणी मागत नाही, आणि मग लोक विमा काढायचंच विसरतात.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विमा सक्तीचा नाही. आणि उपचार सगळ्यात महाग तिथेच! सक्ती नाही म्हणून गरज नाही असं समजून आमच्या इमारतीतलं एक जोडपं पाच महिने विनाविमा राहून आलं. काही झालं नाही, हे त्यांचं नशीब.

तारखांचा घोळही इथेच मिटवा. आपल्याकडची परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख रात्री १.३० असेल, तर घरातून निघायचं ते ११ तारखेच्या संध्याकाळी. मुंबईच्या विमानतळासोबत डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, तेव्हा तिकिटावरचं विमानतळाचं नावही बघा. घरी परत पोचण्याच्या तारखेनंतर दोन-तीन दिवस जास्तीचे धरून पॉलिसी घेतली, तर परतीचं विमान रद्द झालं तरी धाकधूक नाही. वर्षातून चार खेपा करणारे वार्षिक पॉलिसी घेतात. तिच्यात एका खेपेच्या दिवसांवर मर्यादा असते, बहुधा ३०, ४५ किंवा ६० दिवस. सहा महिने नातवाकडे राहणाऱ्या आजीला ती कामाची नाही.

वैद्यकीय भाग: इथे वेळ घालवा

हप्त्याचा खरा उपयोग इथे आहे. बाकी सगळं तोंडी लावायला.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात विम्याची रक्कम असते: ५०,००० डॉलर, १ लाख, ५ लाख. तिच्या शेजारी छोट्या अक्षरात डिडक्टिबल असतो, म्हणजे प्रत्येक दाव्यात आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. १०० डॉलर डिडक्टिबल आणि डॉक्टरचं बिल ९० डॉलर, तर हाती शून्य. हे सोसण्यासारखं आहे.

सोसत नाही ती सब-लिमिट. साठीच्या पुढच्यांच्या पॉलिसीत ही हमखास दडलेली असते. खोलीचं भाडं दिवसाला इतकंच, आयसीयू इतकंच, सर्जनची फी इतकीच, भूलतज्ज्ञाला त्याच्या इतके टक्के. मी काकूंना मांडून दाखवलेलं गणित सांगते. आकडे समजावण्यापुरते घेतलेत. विमा ५०,००० डॉलरचा. काका तीन दिवस रुग्णालयात. खोलीचं बिल दिवसाला ४,००० प्रमाणे १२,०००, सर्जनचे ६,०००, तपासण्या-औषधं ३,०००. एकूण २१,०००. पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला १,५०० आणि सर्जनची ५,००० असेल, तर कंपनी धरणार ४,५०० अधिक ५,००० अधिक ३,०००, म्हणजे १२,५००. त्यातून १०० डिडक्टिबल गेला, हाती १२,४००. उरलेले ८,६०० डॉलर मुलाच्या खिशातून. विम्याची रक्कम ५०,००० असूनही! काकू बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे मोठा आकडा नुसता शोभेचा."

अगदी तसं नाही, पण दोन पॉलिसींची तुलना करताना सब-लिमिट नसलेली १ लाखाची पॉलिसी ही सब-लिमिटवाल्या ५ लाखांच्या पॉलिसीपेक्षा बरी ठरू शकते. ज्येष्ठांसाठी सब-लिमिट नसलेल्या पॉलिसी मिळतात. हप्ता जास्त पडतो. तो भरा.

सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जाणाऱ्यांपुढे दोन रस्ते असतात. इथून भारतीय कंपनीची पॉलिसी, किंवा तिकडच्या कंपनीचा पाहुण्यांसाठीचा विमा. इथली पॉलिसी निघण्याआधीच घ्यावी लागते. तिकडची पोचल्यावरही घेता येते. तिकडच्या विम्यात दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते. तो स्वस्त, आणि आपल्या सब-लिमिटचाच भाऊ. दुसऱ्यात डिडक्टिबल सोडल्यावर बिलाचा ठरलेला हिस्सा, विम्याच्या रकमेपर्यंत, मिळतो आणि रुग्णालयांचं जाळंही असतं. मुलाने स्वस्त म्हणून पहिला घेऊन ठेवलेला असतो, असा माझा अनुभव. ज्या गावी राहणार त्या गावातली कोणती रुग्णालयं थेट कंपनीकडे बिल पाठवतात, हे त्याला आधीच शोधायला लावा.

"बीपीची गोळी म्हणजे काय आजार आहे का?"

हे माझ्या बाबांचं वाक्य. अर्ज भरताना 'पूर्वीपासूनचे आजार' या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहायला लावलं. दहा वर्षं रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी घेत होते, पण ती त्यांच्या लेखी दात घासण्यासारखी. तिकडे चक्कर येऊन पडले, रात्रभर रुग्णालयात ठेवलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, बाबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि कागदावर लिहिलं गेलं: उच्च रक्तदाब, दहा वर्षं. दावा नाकारला गेला. कंपनीशी भांडायला जागाच उरली नव्हती. खोटं आमच्या सहीने लिहिलेलं होतं.

तेव्हा मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, जुनी अँजिओप्लास्टी, मोतीबिंदू, सगळं लिहा. हप्ता वाढेल, कधी कंपनी नाही म्हणेल. मग दुसरी बघा. लिहिलं म्हणजे त्या आजाराचे उपचार मिळतील, असंही नाही. नेहमीच्या पॉलिसीत जुन्या आजाराचा खर्च वगळलेला असतो, किंवा जिवावर बेतलं तरच आणि प्रकृती स्थिर होईपर्यंतच, तेही वेगळ्या मर्यादेत, दिलेला असतो. ती मर्यादा किती ते शोधून अधोरेखित करा. साखर वाढली म्हणून नेहमीच्या तपासणीला जाण्याचे पैसे कुठेच मिळत नाहीत, तेव्हा सगळ्या मुक्कामाच्या गोळ्या इथूनच न्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावं तिकडे ओळखत नाहीत.

आणखी चार ठिकाणी विमा हात वर करतो. दारू पिऊन झालेला अपघात, डॉक्टरांनी प्रवास करू नका सांगितलं असताना केलेला प्रवास, मुद्दाम उपचारासाठीच केलेला प्रवास आणि सर्वसाधारणपणे बाळंतपण. लेकीच्या बाळंतपणाला आईच्या पॉलिसीचा काही संबंध नाही. हे सांगायची गरज पडेल असं वाटलं नव्हतं, पण पडली.

सामान, उशीर, रद्द झालेली सहल

बॅग हरवली तर ५०० डॉलर, असं लिहिलेलं असतं. पुढची ओळ वाचा. बऱ्याच पॉलिसींत एका बॅगेला एकूण रकमेच्या निम्मे आणि बॅगेतल्या एका वस्तूला १० टक्के अशी मर्यादा असते. म्हणजे एक बॅग गेली तर २५०, आणि त्यातल्या पैठणीला ५०. दागिने, रोकड, लॅपटॉप, कॅमेरा सहसा धरतच नाहीत. असल्या वस्तू चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत, हाच खरा विमा.

बॅग उशिरा आली तर मिळणारे पैसे ठरावीक तासांनंतर सुरू होतात. आम्ही युरोपात उतरलो तेव्हा माझी बॅग आली अकराव्या तासाला, आणि पॉलिसीत तास होते बारा! अंगावरच्या कपड्यांनिशी आल्प्स बघितले. ही भरपाई अनेकदा परदेशात पोचतानाच्या उशिरालाच असते. परतीला मुंबईत बॅग रखडली तर मिळत नाही, कारण घरी कपडे आहेतच, असा हिशेब.

बॅग मिळाली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर नावाची लेखी तक्रार नोंदवून प्रत घ्या. तिच्याविना विमा कंपनी दारात उभं करत नाही. मॉन्ट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात खुद्द विमान कंपनीही देणं लागते. बॅगेचं नुकसान झालं असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशीर झाला असेल तर २१ दिवसांत लेखी मागणी करावी लागते.

विमान चुकणं हा आपल्या भागातल्या लोकांचा नाजूक विषय. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर दोन तास अडकलात आणि विमान गेलं, तर नेहमीची पॉलिसी काही देत नाही. तिच्यात आधीचं विमान उशिरा पोचल्यामुळे पुढचं चुकलं तर पैसे असतात, टेम्पो उलटल्यामुळे नाही. तेव्हा लवकर निघा, दुसरा इलाज नाही.

सहल रद्द करण्याचे पैसे मिळतात, पण पॉलिसीत दिलेल्या कारणांसाठीच: स्वतःचं किंवा जवळच्या नातलगाचं गंभीर आजारपण, मृत्यू, अशी. 'जवळचं' म्हणजे कोण याची यादी असते आणि त्यात आत्या-मामा सहसा नसतात. ऑफिसने रजा नाकारली, मन बदललं, हे कारण चालत नाही. हे संरक्षण पॉलिसी घेतल्या दिवसापासून लागू होतं, म्हणून तिकीट काढलं की लगेच विमा घेणं फायद्याचं. वादळाची बातमी आल्यावर घेतलेला विमा त्या वादळाला चालत नाही. व्हिसा नाकारला गेला तर प्रवासाची तारीख उलटण्याआधी पत्र दाखवून पॉलिसी रद्द करता येते, थोडे पैसे कापून हप्ता परत मिळतो.

देशातल्या प्रवासाचं थोडक्यात. गणपतीला कोकणात जाताना आयआरसीटीसीच्या तिकिटावर ४५ पैशांत विम्याचा पर्याय येतो. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला १० लाख, रुग्णालयाच्या खर्चाला २ लाख. निश्चित किंवा आरएसी तिकिटालाच तो लागू होतो. त्यानंतर येणाऱ्या लिंकवर वारसाचं नाव भरायचं असतं, ते कुणीच भरत नाही. भरा. ठाणे-सीएसएमटी लोकलला हा विमा नाही.

कुठून घ्यायचा

विमानाचं तिकीट काढताना शेवटच्या पानावर आपोआप टिक केलेला विमा दिसला तर ती टिक काढा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा गुपचूप भरण्याला अनुचित ठरवलंय. टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये विमा 'फ्री' असेल तर प्रत्येकाच्या नावाचं प्रमाणपत्र मागा आणि साठीपुढच्यांची सब-लिमिट विचारा. जुने आजार त्यांनी अर्जात लिहिले का, हेही. क्रेडिट कार्डाचा विमा अनेकदा त्याच कार्डाने तिकीट काढलं असेल तरच चालतो, आणि वैद्यकीय भाग त्यात तुटपुंजा असतो.

निघताना आणि तिकडे

पॉलिसी क्रमांक, कंपनीच्या परदेशी मदतकेंद्राचा फोन आणि ईमेल एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या पाकिटात, एक मुलाच्या फ्रिजवर. फोन हरवला की पीडीएफही हरवते.

रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर आधी किंवा लगेच मदतकेंद्राला फोन करायचा. बहुतेक पॉलिसींत २४ तासांत कळवणं लागतं. ते जाळ्यातलं रुग्णालय सुचवतात, हमीपत्र पाठवतात. जिवावर बेतलं असेल तर सरळ रुग्णवाहिका बोलवा, फोन नंतर. पण ताप, मुरगळलेला पाय, लघवीचा संसर्ग यासाठी अमेरिकेत इमर्जन्सीत न जाता अर्जंट केअरला, म्हणजे किरकोळ पण लगेच बघायच्या दुखण्यांच्या दवाखान्यात, जावं. बिलात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पासपोर्ट हरवला किंवा चोरी झाली तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. दोन्हीकडच्या पावत्या जपून ठेवा.

मुक्काम वाढला तर पॉलिसी संपण्याआधी मुदतवाढ मागा, संपल्यावर नाही.

दावा, आणि नाकारला तर

परत आल्यावर दाव्याचा अर्ज, सविस्तर बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्जचा कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, बोर्डिंग पास, पासपोर्टवरच्या जाण्या-येण्याच्या शिक्क्यांच्या प्रती, रद्द केलेला चेक. अमेरिकेतली बिलं एकदम येत नाहीत. रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, आणि तीही तुम्ही ठाण्यात परतल्यावर मुलाच्या पत्त्यावर. त्याला सहा महिने पोस्टाची पेटी उघडायला सांगा, आणि प्रत्येक बिल आलं की कंपनीला त्याच दाव्याच्या क्रमांकावर पाठवा.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली तेही. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. उत्तर पटलं नाही किंवा पंधरा दिवसांत आलंच नाही, तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्याच्या पुढे विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतले वाद सोडवणारा अधिकारी. पूर्वी यासाठी पुण्या-मुंबईकडे बघावं लागायचं. आता ठाण्यातच लोकपालांचं कार्यालय आहे आणि ठाणे, पालघर, रायगड जिल्हे आणि नवी मुंबई त्याच्याकडे येतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. सोबत जोडायला पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र आणि तुम्ही कंपनीला लिहिलेला अर्ज लागतो, म्हणून कंपनीशी फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी त्याच दिवशी त्याचा एक ईमेल टाकून ठेवा.